मधल्याची शीळ

प्रिय नील आणि मैत्रेयी,

गेल्या रविवारी फोनच्या पडद्यावर नीलने मला विचारलं, की एकाच इंजिनाचे कंपनीने पाठोपाठ तीन-चार प्रकार काढले असतील, तर त्यातला भरवशाचा कोणता हे कसं ओळखायचं. मागून तुमची आई म्हणाली, अरे, आजीला काय विचारतोस, आजी इंग्रजीची शिक्षिका होती. मी हसले आणि विषय बदलला. तुमच्या आईला हे ठाऊक नाही, कारण मी तिला कधी सांगितलंच नाही. माझ्या तरुणपणातली काही वर्षं नीलच्या या एकाच प्रश्नात अडकून गेली होती. तो विचारलाच आहे, तर उत्तर नीट लिहून ठेवावं म्हणून हे लिहिते आहे. फोनवर ते सांगून होण्यासारखं नाही. मैत्रेयी, तुला गाड्यांचा कंटाळा आहे हे मला माहीत आहे, पण तूही वाच. ही गोष्ट नीलपेक्षा तुझ्या जास्त कामाची आहे.

आमचं घर नांदेडला होतं. पुढे पत्र्याची शेड, मागे तीन खोल्या, आणि मध्ये फरशीचं छोटं अंगण. पहाटे गुरुद्वाऱ्याच्या कीर्तनाचा आवाज वाऱ्याबरोबर यायचा, मग रेल्वेच्या शिट्ट्या, आणि उजाडलं की शेडमध्ये घणाचे ठोके सुरू व्हायचे. घरातल्या प्रत्येक वस्तूला डिझेलचा वास होता. आई भाकरी थापायच्या आधी हात हुंगून बघायची. बाबा लाकडाच्या भुशाने आणि साबणाने हात धुऊन जेवायला बसायचे, तरी येसराच्या आमटीत कुठेतरी तो वास येतोच असं मला वाटायचं. बुद्धपौर्णिमेला आई खीर करायची तेव्हा त्या एका दिवसासाठी शेड बंद असे, आणि मला तो दिवस वर्षातला सगळ्यात स्वच्छ वाटे.

बाबांना सगळे मिस्त्री म्हणत. ते इंजिनं दुरुस्त करत, पण त्यांचं नाव होतं ते इंजिन ओळखण्यासाठी. त्या काळी आपल्याकडे रस्त्याला काळ्यापिवळ्या जीप आणि पेट्रोलच्या जुन्या मोटारी फार होत्या, आणि त्यांचं मूळ इंजिन काढून त्यात दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन बसवायची पद्धत होती. त्यासाठी एका कंपनीचं इंजिन सगळ्यांना हवं असे. कंपनीचं नाव लिहीत नाही. ते घराणं तीन प्रकारांत निघालं होतं, आणि आमच्या शेडमध्ये त्यांना थोरलं, मधलं आणि धाकटं म्हणत. इंजिनाच्या पोटात वरचा भाग आणि खालचा भाग एकमेकांच्या तालात फिरावा लागतो. थोरल्यात हा ताल एक साखळी राखायची, मधल्यात दात्यांची चाकं, आणि धाकट्यात एक पट्टा. साखळी हळूहळू सैल होते. पट्टा काहीही न कळवता एके दिवशी तुटतो आणि सगळं इंजिन आतून मोडतं. दात्यांची चाकं मात्र माणसाला पुरून उरतात. बाबांचं साधं मत होतं, की पहिल्या खेपेला कंपनी शिकत असते आणि शेवटच्या खेपेला काटकसर करत असते. “मधलं घ्यावं,” ते गिऱ्हाइकाला सांगत, “आन् डोळं झाकून झोपावं.”

अडचण अशी, की मधलं आणि धाकटं बाहेरून सारखंच दिसायचं. नंबराची पत्र्याची पट्टी एकावरून काढून दुसऱ्यावर ठोकता यायची. पुढचं लोखंडी झाकण उघडलं की आत चाकं आहेत की पट्टा हे कोणालाही दिसलं असतं, पण झाकण उघडायचं म्हणजे निम्मा दिवस जायचा, आतलं पॅकिंग फाटायचं, आणि सौदा झाला नाही तर विकणाऱ्याच्या गळ्यात उघडं इंजिन. म्हणून कोणी उघडू देत नसे. इथे बाबा कामाला यायचे. इंजिन रात्रभर थंड झालेलं असलं पाहिजे ही त्यांची अट. सकाळी जाऊन आधी तळहात लावून ते गार असल्याची खात्री करत, मग चालू करायला सांगत. डिझेलच्या त्या धडधडाटाखाली मधल्याला एक बारीक शीळ असते. दात्यात दाते फिरताना निघणारी, सुईच्या टोकासारखी. पहिल्या काही क्षणांतच ती वेगळी ऐकू येते, गरम झाल्यावर सगळी इंजिनं सारखीच ओरडतात. बाबा मान तिरकी करून ऐकत आणि एका शब्दात निकाल देत. हिमायतनगरपासून निलंग्यापर्यंतचे जीपवाले त्या एका शब्दावर व्यवहार करत. झाकण खोलून बघा असं कोणी म्हणालंच, तर बाबांना तो अपमान वाटे. “झाकण खोलल्यावर काय, आंधळाबी सांगंल,” ते म्हणत.

मी तेव्हा इंग्रजी घेऊन एम.ए. झाले होते. आमच्या वस्तीत एवढं शिकलेली मुलगी दुसरी नव्हती. भाऊ पुण्याला कारखान्यात लागला होता. निकाल लागल्यावर मला वाटलं, आता मीही निघणार. लातूरला तेव्हा खाजगी शिकवण्यांचं पीक यायला लागलं होतं. तिथली मुलं बोर्डात चमकत, आणि त्यांच्या मागे खेड्यापाड्यांतून आणखी मुलं येत. इंग्रजी शिकवणारी माणसं कमी होती. माझी मावशी लातूरलाच राहायची. सगळं जुळत होतं, आणि मी बॅगही मनातल्या मनात भरून ठेवली होती.

त्या वर्षी पाऊस उघडल्यानंतर एका संध्याकाळी आम्ही अंगणात जेवत होतो. गवतातून रातकिड्यांचा असा कल्लोळ होता की आईला बोलताना आवाज चढवावा लागत होता. बाबांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, “यंदा रातकिडे न्हाईत वाटतं. लई शांत वाटून राहिलंय.” आईने माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघितलं. बाबांना बोलणं ऐकू येत होतं, हाका ऐकू येत होत्या, घणाचा ठोका तर येतच होता. आयुष्यभर धडधडाटात उभं राहून त्यांच्या कानांतून फक्त वरचे, बारीक आवाज निघून गेले होते. म्हणजे नेमकी ती शीळ.

पुढच्याच आठवड्यात ते मला म्हणाले, चल जरा, नंबराची पट्टी इंग्रजीत असते, वाचून दाखव. इतकी वर्षं ती पट्टी ते स्वतः वाचत आले होते. मी गेले. इंजिन चालू झालं, आणि मी सहज बोलून गेले की काय शीळ मारतंय हे. त्याच क्षणी बाबा गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाले, मधलं हाय, घ्या. परत येताना ते नेहमीपेक्षा भरभर चालत होते. त्यानंतर प्रत्येक सौद्याला मी जाऊ लागले. आमच्यात कधी काही ठरलं नाही, पण पद्धत आपोआप पडली. शीळ ऐकू आली तर मी पट्टीवरची अक्षरं मोठ्याने वाचायची. आली नाही तर म्हणायचं, “बाबा, अक्षरं पुसलीत.” लोक कौतुक करत. मिस्त्रीची पोरगी इंग्रजी कशी फाडफाड वाचती बघा, म्हणत. एका चहावाल्याने मला पट्टीवाली मॅडम असं नाव ठेवलं होतं.

आज कोणी विचारेल, की मग सरळ बोलला का नाहीत. माणसाचं नाव ज्या एका गोष्टीवर उभं असतं ती गेली आहे, हे त्याच्याच घरात त्याला कोण सांगणार? आणि ते मला काय सांगणार होते, की पोरी, तुझे कान मला दे? मी लातूरचा विषय काढला की ते जेवण लवकर आटपून उठत. मी एकदा आईजवळ रडले. ती शेंगदाणे कुटत होती. खलबत्ता न थांबवता म्हणाली, “तू त्यास्नी कान दिलेस, शालू. आता परत कशी मागशील?” पट्टी वाचायला मी नकार दिला असता तर एका आठवड्यात गावभर झालं असतं. होकार देत राहिले तर तशीच म्हातारी झाले असते. दार सताड उघडं होतं, आणि मला त्यातून जाता येत नव्हतं.

मग दोन वर्षांनी भूकंप झाला. पहाटेची वेळ होती. नांदेडला पडझड फारशी झाली नाही, पण फळीवरची सगळी भांडी एकदम किणकिणायला लागली आणि मी उठून बसले. बाबाही उठले होते, पण भांड्यांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी जमिनीवर तळहात टेकवला होता, शेडमध्ये टेकवत तसाच. “कोनी एवढं मोठं इंजिन चालू केलं?” त्यांनी विचारलं. दुपारपर्यंत लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीकडून गावंच्या गावं पडल्याच्या बातम्या आल्या. आम्ही अंगणात झोपू लागलो. लातूरला जाण्याचा विषय मी काढण्याआधीच संपला होता. तिकडं जमीन हालती, तू कुठं निघालीस, असं आता बाबांना खऱ्या काळजीने म्हणता येत होतं. ती काळजी खरी होती, म्हणूनच तिच्याशी भांडता येत नव्हतं.

भूकंपानंतर लातूरकडे गाड्यांची मागणी एकदम वाढली. मदत घेऊन येणारे, घरं बांधणारे, अधिकारी, सगळ्यांना जीप हवी होती. बाबांना बोलावणी येऊ लागली आणि माझ्याशिवाय ते एकही घेत नव्हते. गंमत बघा, ज्या लातूरला मला जाऊ देत नव्हते तिथे मी दर पंधरवड्याला जाऊ लागले, बाबांच्या शेजारी, एस.टी.च्या खिडकीत, पट्टी वाचायला. गाडी तिथल्या शिकवण्यांच्या पाट्यांसमोरून जायची, आणि मी त्या पाट्या मात्र मनातल्या मनात वाचायची.

हिवाळ्यात एका क्लासवाल्या सरांचा निरोप आला. रेणापूरकडच्या मुलींना सकाळी आणायला आणि अंधार पडताना परत सोडायला त्यांना एक जुनी जीप घ्यायची होती. इंजिन मधलं असल्याचं उदगीरचे एक दलाल सांगत होते. आम्ही आदल्या दिवशी मावशीकडे मुक्काम केला. तिच्या भिंतीला चीर गेली होती आणि तिने तिच्यावर कॅलेंडर टांगलं होतं. रात्री जेवताना मावशी बाबांना म्हणाली, ते सर इंग्रजीला बाई शोधतात, आपली शालू घरी बसून काय करती, जमीन काय रोज हालती का. बाबा हात धुवायला उठले. चुरमुऱ्यांची सुशीला त्यांच्या ताटात तशीच राहिली. मावशी खरं कारण सोडून सगळ्या कारणांना उत्तरं देत होती.

सकाळी जीप क्लासच्या पुढच्या मैदानात उभी होती. बाबांनी इंजिनाला तळहात लावला. गार होतं. मी नेहमीप्रमाणे पट्टीकडे सरकले, तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “आज पट्टी ऱ्हाऊ दे. तू सरांसंगं बोल जा.” क्षणभर मला अर्थच लागला नाही. मग कळलं, की त्यांना स्वतःला अजमावून बघायचं होतं. हे एक इंजिन माझ्याविना ओळखता आलं, तर ते मला सोडणार होते.

सर मला मैदानाकडे खिडकी असलेल्या खोलीत घेऊन गेले. पत्र्याचं छत, लांब बाकडी, आणि भिंतीला टेकून दप्तरांची रास. सर चांगले माणूस होते. विचारलं, व्याकरण शिकवाल का, सोमवारपासून येता येईल का. पलीकडच्या खोलीत मुली एका सुरात सूत्रं पाठ करत होत्या. बाहेर जीप चालू झाली. माझा एक कान सरांकडे होता आणि दुसरा खिडकीकडे. धडधडाट आला. मी वाट बघितली. त्याच्याखाली काहीच नव्हतं. शीळ नव्हती. आत पट्टा होता.

आणि मग बाबांचा आवाज आला, खणखणीत. “मधलं हाय. घ्या.”

सर माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी हो म्हटलं असतं आणि गप्प बसले असते, तर सोमवारी मी त्या खोलीत उभी असते. आणि पुढे कधीतरी पट्टा तुटून, अंधार पडताना, रेणापूरच्या रस्त्यावर त्या मुलींनी भरलेली जीप उभी राहिली असती. मी उठून बाहेर गेले. बाबांजवळ उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “बाबा, अक्षरं पुसलीत.”

दलालांनी पट्टीकडे बघितलं. ती चांगली पुसून चकचकीत केलेली होती. “कुठं पुसलीत, ताई? माज्या म्हातारीलाबी वाचाया येतील.” दोघं-चौघं हसले. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांना माझं म्हणणं कळलं होतं आणि त्यांना ते ऐकायचं नव्हतं. “पुसली न्हाईत,” ते म्हणाले. “मधलंच हाय.” मी सगळ्यांसमोर त्यांच्याशी कधी वाद घातला नव्हता.

मी म्हणाले, “झाकण खोला.”

दलाल चिडले. ते लबाड नव्हते, त्यांनीही ते इंजिन मधलं म्हणूनच घेतलं होतं. मिस्त्रीनं सांगितल्यावर झाकण कशाला, म्हणाले, तुमच्याच बापाचा शब्द हाय ना ताई. क्लासमधलं पाठांतर थांबलं होतं आणि खिडकीत मुलींची डोकी दिसत होती. बाबा इंजिनाकडे बघत उभे होते. ते अजून चालू होतं. मग त्यांनी हात वर करून ते बंद करायला सांगितलं. त्या शांततेत ते म्हणाले, “खोला. मला शीळ ऐकू येत न्हाई आता. हिला येती.”

दलालांनी विचारलं, “म्हंजे मिस्त्री, इतके दिवस पोरगीच पास करून राहिली का इंजिनं?”

“हाव,” बाबा म्हणाले.

झाकण खोलायला दुपार झाली. पाने बाबांनी स्वतः चालवले, कोणाला हात लावू दिला नाही. आत काळा रबरी पट्टा होता, कडेला चिरा पडलेला. दलाल खाली बसले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, आता मला ज्यानं विकलं त्याला कुठं हुडकू. सरांनी चहा मागवला.

आम्ही परतीची एस.टी. पकडली. मला वाटत होतं की माझं सगळंच गेलं. नोकरीला हो म्हणायचं राहून गेलं होतं, आणि ज्यांचं नाव राखायला मी इतके दिवस अडकून राहिले त्यांचं नाव मीच मैदानात उघड्यावर टाकलं होतं. अहमदपूरच्या स्टँडवर बाबा उतरले, कागदात भजी घेऊन आले, आणि पुडा माझ्या मांडीवर ठेवला.

“सर कवापासून ये म्हणून राहिलेत?”

“सोमवारपासून.”

त्यांनी पुड्यातलं एक भजं तोंडात टाकलं. मग म्हणाले, “झाकण खोलायला पोरगी लागत न्हाई.”

मी सोमवारी गेले. मैत्रेयी, याचा अर्थ मी सुटले असा घेऊ नकोस. मावशीच्या घरी चीर गेलेल्या भिंतीशेजारी झोपायची, पहाटे उठून पत्र्याखाली बाकड्यांवर दाटीने बसलेल्या मुलींना इंग्रजीतले काळ शिकवायची, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला माझाच चेहरा दिसायचा. त्यांच्या बापांनीही त्यांच्यावर काहीतरी टांगलेलं होतं, डॉक्टर हो, इंजिनियर हो, आणि त्याही पट्टी वाचल्यासारखी उत्तरं मोठ्याने म्हणत. मी रजा घेऊन नांदेडला गेले की शेड रिकामी वाटायची. मिस्त्रीचे कान गेले, ही बातमी माझ्या आधी पोहोचली होती. जुने जीपवाले वर्षभर फिरकले नाहीत. बाबांनी मला त्याबद्दल एक शब्दही कधी ऐकवला नाही, आणि तेच मला जास्त जड गेलं. आलेल्या प्रत्येकाला ते एकच अट घालत, की झाकण खोलून दाखवा, नाहीतर दुसरीकडं जा. पॅकिंग फाटलं तर नवीन स्वतः कापून देत. विकणारे कुरकुर करत निघून जात. मग एकेक करून परत येऊ लागले, कारण डोळ्यांनी बघितल्यावर भांडण उरत नव्हतं. पुढे दुसऱ्या शेडवाल्यांनाही गिऱ्हाइकं तसंच म्हणू लागली.

तर नील, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. बहुतेक वेळा मधलं भरवशाचं निघतं, पण कोणाच्या कानावर विसंबू नये, आतलं उघडून बघावं. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. घर विकलं, शेडच्या जागी मोबाइलचं दुकान आहे, आणि ते इंजिन कंपनीने कधीच बंद केलं. नांदेडच्या जुन्या इंजिनांच्या बाजारात मात्र सौदा करण्याआधी अजूनही पुढचं झाकण खोलतात. ही पद्धत कोणी पाडली हे तिथे आता कोणाला ठाऊक नाही, पण झाकण खोलतात.